वर्ग, इयत्ता आणि 'क्लास' : अमेरिकन हायस्कूलविषयक चार ग्रंथांचे परीक्षण

१

अमेरिकेतील लहान गाव आणि त्या गावाचे हायस्कूल यांविषयी विसाव्या शतकात जे शास्त्रीय लेखन झाले, त्यातील चार ग्रंथांचा येथे विचार करावयाचा आहे. रॉबर्ट व हेलन लिंड ह्या दांपत्याचा 'मिडलटाऊन' (१९२९), ऑगस्ट हॉलिंग्सहेड यांचा 'एल्मटाऊन्स यूथ' (१९४९), जेम्स कोलमन यांचा 'दि ॲडोलेसंट सोसायटी' (१९६१) आणि पेनेलोपी एकर्ट यांचा 'जॉक्स अँड बर्नआउट्स' (१९८९) हे ते चार ग्रंथ होत. पहिले तीन समाजशास्त्राच्या कक्षेत येतात. चौथा एका भाषाशास्त्रज्ञ विदुषीचा आहे आणि त्यातील शाळा लहान गावातील नसून एका महानगराच्या उपनगरातील आहे. तो येथे का घेतला, हे पुढे स्पष्ट होईल.

ह्या ग्रंथांची समाजशास्त्रीय अंगाने पुष्कळ चर्चा झाली आहे. ती पुन्हा मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. येथे प्रश्न एका शब्दाचा आहे. इंग्रजीत 'क्लास' ह्या शब्दाने शाळेत एकत्र शिकणाऱ्यांचा समूह सूचित होतो, आणि संपत्ती व प्रतिष्ठा यांनुसार पडलेला समाजाचा थरही सूचित होतो. आपल्या 'वर्ग' ह्या शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ भाषेत पुष्कळदा सुखाने नांदतात, कारण संदर्भ त्यांस एकमेकांपासून दूर ठेवतो. परंतु अमेरिकन लहान गावात हे दोन अर्थ एकाच इमारतीत, एकाच मुलाच्या ठायी एकत्र येतात, आणि तेथे पहिला अर्थ दुसऱ्यास झाकून टाकतो. हे झाकणे कोणत्या ग्रंथकाराच्या ध्यानात आले आणि कोणाच्या आले नाही, ह्या कसोटीवर चारही ग्रंथ तपासून पाहावेत, असा विचार आहे.

२

प्रथम शब्दाकडे वळू. शालेय जीवनासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : इयत्ता, वर्ग आणि तुकडी. 'इयत्ता' म्हणजे मूळ संस्कृत अर्थाने 'इतकेपणा', मर्यादा किंवा मोजमाप. इयत्ता ही जिन्याची पायरी आहे. विद्यार्थी ती चढतो आणि मागे टाकतो. पायरी जागच्या जागी राहते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरा विद्यार्थी येऊन उभा राहतो. अमेरिकन इंग्रजीत ह्या अर्थी 'ग्रेड' हा शब्द आहे. 'क्लास' हा शब्द मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. 'नववी ग्रेड' शाळेतच राहते. '१९४२ चा क्लास' आयुष्यभर बरोबर चालतो. आपल्याकडे अलीकडे 'बॅच' हा शब्द ह्या अर्थाने बोलण्यात आला आहे. 'वर्गमित्र' ह्या शब्दात मैत्री आहे, परंतु वर्षाचा शिक्का नाही. जुन्या परंपरेतील 'गुरुबंधू' हे नाते तर गुरूवरून ठरते. ते कोणत्या साली जडले, ह्याला त्यात महत्त्व नाही.

'१९४२ चा क्लास' ह्या नामकरणात आणखी एक विशेष आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. हे साल शाळेत प्रवेश घेतल्याचे नसून शाळा संपविण्याचे आहे. चार वर्षांच्या हायस्कूलमध्ये १९३८ च्या शरद ऋतूत जी मुले दाखल होतात, ती पहिल्या दिवसापासून १९४२ चा क्लास म्हणून ओळखली जातात. म्हणजे समूहाला नाव मिळते ते त्याच्या भविष्यातील शेवटावरून. सामान्यतः नावे जन्मावरून, स्थानावरून किंवा पूर्वजांवरून पडतात. येथे नाव हे एक गृहीत धरलेले फलित आहे. साहजिकच, जो मुलगा दुसऱ्या वर्षी शाळा सोडून धान्याच्या कोठारावर किंवा कारखान्यात कामास लागतो, त्याच्या बाबतीत हे नाव खोटे ठरते. त्याने कोणत्या साली शाळा सोडली हे सांगता येते. परंतु त्या सालाचा 'क्लास' म्हणून तो गणला जात नाही. जे शेवटास पोहोचत नाहीत त्यांच्यासाठी ह्या शब्दव्यवस्थेत नाव नाही. प्रस्तुत लेखातील पुढील सर्व विवेचन ह्या एका निरीक्षणावर आधारलेले आहे.

३

ह्या नावाभोवती जे विधी आणि संकेत वाढले, त्यांचा थोडा तपशील येथे देणे आवश्यक आहे. चार वर्षांच्या विद्यार्थ्यांना अनुक्रमे फ्रेशमन, सॉफमोर, ज्यूनिअर आणि सीनिअर म्हणतात. हे शब्द इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांतून अमेरिकन कॉलेजांत आले आणि तेथून हायस्कुलांत उतरले. 'सॉफमोर' ह्या शब्दाचे मूळ वादविवादातील तर्कयुक्ती असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दात आहे. परंतु 'अर्धा शहाणा, अर्धा मूर्ख' अशी त्याची लोकव्युत्पत्ती लोकांनी केली आणि ती अधिक लोकप्रिय झाली. क्लासची अंगठी सैनिकी शिक्षणाच्या वेस्ट पॉइंट येथील अकादमीत १८३५ साली सुरू झाली. खेळाडूच्या पोशाखावर संस्थेचे आद्याक्षर लावण्याची चाल हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये पाडली. पदवीप्रदानाच्या मिरवणुकीत आज सर्वत्र वाजणारी एल्गार यांची संगीतरचना १९०१ ची असून, १९०५ साली येल विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली त्या प्रसंगी ती तेथे वाजविली गेली. थोडक्यात, लहान गावाने आपली म्हणून जपलेली ही परंपरा बहुतांशी उच्चभ्रू कॉलेजांकडून उसनी घेतलेली आहे. गावाला ती जुनी वाटते, इतकेच. वस्तुतः सर्वसामान्य मुलांसाठी हायस्कूल हीच गोष्ट अमेरिकेत फारशी जुनी नाही. करातून हायस्कूल चालविण्याचा अधिकार मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलमझूच्या खटल्यात १८७४ साली मान्य केला. १९१० मध्ये दहांतील एक मुलगाही हायस्कूल पुरे करीत नसे. १९४० च्या सुमारास जवळजवळ निम्मी मुले ते पुरे करू लागली होती.

क्लास हा केवळ समूह नाही. त्याला अध्यक्ष असतो, सचिव व खजिनदार असतात, रंग, फूल आणि ब्रीदवाक्य असते. थॉर्नटन वाइल्डर यांच्या 'अवर टाऊन' (१९३८) ह्या नाटकात जॉर्ज आणि एमिली यांच्या प्रेमाची कबुली नेमकी त्या दिवशी होते, ज्या दिवशी तो क्लासचा अध्यक्ष आणि ती सचिव व खजिनदार म्हणून निवडली जाते. नाटककाराला ह्याहून अधिक सांगण्याची गरज भासली नाही. प्रेक्षकांना ह्या पदांचे गावातील मोल ठाऊक होते.

सीनिअर क्लासच्या अखेरच्या दिवसांत तीन मजकूर तयार करण्याची चाल अनेक गावांतून होती : क्लासचा इतिहास, क्लासचे मृत्युपत्र आणि क्लासचे भविष्य. मृत्युपत्रात सीनिअर विद्यार्थी आपले गुण, खोड्या, वर्गातील आवडती जागा किंवा उशिरा येण्याचे कौशल्य धाकट्यांच्या नावे करून देतात. भाषा वकिली दस्तऐवजाची, विषय थट्टेचा. उक्तीने कृती घडते हे दाखविताना जे. एल्. ऑस्टिन यांनी दिलेल्या उदाहरणांत मृत्युपत्राचेही एक उदाहरण आहे. त्या दृष्टीने पाहिल्यास ही थट्टा अर्थहीन नाही. मृत्युपत्र करावयाचे तर करणारी 'व्यक्ती' असली पाहिजे. क्लासने इतिहास लिहिला, मृत्युपत्र केले, भविष्य वर्तविले, म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य असे तिन्ही काळ असलेली एक व्यक्ती म्हणून तो उभा राहिला. विनोदाच्या आवरणाखाली भाषेने एक सामुदायिक व्यक्तित्व निर्माण केले.

ह्याच दृष्टीने दोन नावे पाहण्यासारखी आहेत. शाळा संपविण्याच्या समारंभाला अमेरिकेत 'कमेन्समेंट' म्हणजे 'आरंभ' म्हणतात. मध्ययुगीन विद्यापीठात पदवी मिळताच अध्यापनास आरंभ होत असे, त्याचा हा अवशेष. आपण त्याच प्रसंगाला 'निरोपसमारंभ' म्हणतो. दुसरे नाव 'होमकमिंग'. शरद ऋतूत फुटबॉलच्या एका सामन्यासाठी माजी विद्यार्थी परत येतात, त्या उत्सवाचे हे नाव. त्याच्या आरंभाचा मान बेलर (१९०९), इलिनॉय (१९१०) आणि मिसुरी (१९११) अशी तीन विद्यापीठे आपल्याकडे घेतात. आपल्या परंपरेतील 'समावर्तन' ह्या शब्दाचा अर्थही परत येणे असाच आहे. परंतु तेथे शिष्य गुरुगृहाहून स्वगृही परततो. होमकमिंगमध्ये दिशा उलटी आहे. तेथे शाळा हेच 'होम' ठरले आहे. ज्या गावातून तरुण मंडळी पोटासाठी शहरांकडे जातात, त्या गावात परत येण्याचे ठिकाण म्हणून शाळा उरावी, ह्यात आश्चर्य नाही. मात्र ह्या घरात परत येण्याचा हक्क ज्याच्या नावापुढे साल आहे, त्यालाच भाषा सहजपणे देते.

४

आता ग्रंथांकडे येऊ. लिंड दांपत्याने १९२४-२५ मध्ये इंडियानातील मन्सी ह्या शहरात राहून आपले निरीक्षण केले आणि त्या शहरास 'मिडलटाऊन' असे टोपणनाव दिले. त्यांची पद्धत मानववंशशास्त्रज्ञाची होती. परक्या जमातीचे जीवन पाहावे तसे त्यांनी आपल्याच देशातील एक शहर पाहिले आणि १८९० च्या परिस्थितीशी त्याची तुलना केली. हायस्कूलविषयी त्यांनी दिलेली एक आकडेवारी पुरेशी बोलकी आहे. १८८९-९० मध्ये तेथील हायस्कुलात १७० विद्यार्थी होते, म्हणजे दर ६७ रहिवाशांमागे एक. १९२३-२४ मध्ये १,८४९, म्हणजे दर २१ रहिवाशांमागे एक. एका पिढीत शाळा ही थोड्यांची गोष्ट न राहता गावाच्या सामाजिक जीवनाचे केंद्र बनली. बास्केटबॉलच्या संघामागे सारे गाव लोटते, क्लब आणि नृत्ये अभ्यासाहून महत्त्वाची होतात, हे त्यांनी मार्मिकपणे टिपले आहे.

लिंड यांनी गावाचे दोन वर्ग पाडले : श्रमिक आणि व्यावसायिक. दहांतील सुमारे सात माणसे पहिल्या वर्गातील, तीन दुसऱ्या. हा दुहेरी विभाग त्यांच्या ग्रंथाचा कणा आहे, आणि शाळेच्या प्रकरणातही तो विसरला गेलेला नाही. योग्य कपडे नाहीत म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलींचा त्यांनी केलेला उल्लेख ह्याची साक्ष देतो. तथापि, येथेच त्यांच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. शाळा सोडलेली मुलगी त्यांच्या ग्रंथात आईच्या तोंडून ऐकू येते. ती स्वतः ग्रंथात नाही. शाळेचे प्रकरण हे शाळेत असलेल्यांचे प्रकरण आहे.

ह्याहून गंभीर उणीव दुसरी आहे. मन्सीतील कृष्णवर्णीय वस्ती एकूण लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के होती. लिंड यांनी जाणूनबुजून ती आपल्या विवेचनाबाहेर ठेवली, कारण वंशभेदाची गुंतागुंत टाळून 'नमुनेदार' अमेरिकन शहर दाखविण्याचा त्यांचा उद्देश होता. ही रिकामी जागा भरून काढण्याचा प्रयत्न 'दि अदर साइड ऑफ मिडलटाऊन' ह्या २००४ मधील ग्रंथाने केला. तो मन्सीतील कृष्णवर्णीय नागरिक, विद्यार्थी आणि अध्यापक यांनी मिळून सिद्ध केला. एका शहराविषयीचे मूळ वर्णन आणि त्याची दुरुस्ती यांत पाऊणशे वर्षांचे अंतर पडावे, ही गोष्ट प्रत्येक क्षेत्र-अभ्यासकाने मनाशी ठेवण्याजोगी आहे.

क्लासच्या एकात्मतेची वंशभेदासमोर काय गत झाली, ह्याचे उदाहरण दक्षिणेकडील गावांतून मिळते. सार्वजनिक शाळांतील वंशविभाजन १९५४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरले. शाळा एक झाल्या. परंतु क्लासचे नृत्य, ज्यास 'प्रॉम' म्हणतात, ते काही ठिकाणी खाजगी समारंभ म्हणून गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होत राहिले. मिसिसिपीतील चार्ल्सटन येथे पहिले संयुक्त प्रॉम २००८ मध्ये झाले. जॉर्जियातील विलकॉक्स काउंटीत तर विद्यार्थ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ते २०१३ मध्ये घडवून आणले. वर्षपुस्तकात क्लास एक आणि नृत्याच्या रात्री क्लास दोन, अशी ही स्थिती होती.

५

हॉलिंग्सहेड यांचा ग्रंथ ह्या चौघांत श्रेष्ठ आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याचे कारण त्यांच्या सिद्धान्तात नसून त्यांच्या मोजणीत आहे. इलिनॉयमधील मॉरिस हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव. त्याला त्यांनी 'एल्मटाऊन' म्हटले. ह्याच गावाचा लॉइड वॉर्नर यांनी 'जोन्सव्हिल' ह्या नावाने अभ्यास केला आहे. हॉलिंग्सहेड यांनी १९४१-४२ मध्ये तेथे वास्तव्य केले. त्यांनी शाळेच्या हजेरीपटापासून सुरुवात केली नाही. त्या परिसरातील ठरावीक वयाची सर्व मुले-मुली त्यांनी मोजली : ७३५. त्यांपैकी ३९० शाळेत होती आणि ३४५ शाळेबाहेर. मग कुटुंबांचे पाच सामाजिक वर्ग पाडून त्यांनी प्रत्येक वर्गातील मुलांची विभागणी दाखविली.

ती विभागणी अशी : वरच्या दोन वर्गांतील ३५ पैकी ३५ मुले शाळेत होती. तिसऱ्या वर्गातील १५८ पैकी १४६. चौथ्यातील ३१२ पैकी १८३. पाचव्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातील २३० पैकी केवळ २६. टक्केवारीत सांगावयाचे तर शंभरापासून अकरापर्यंतची ही उतरंड आहे.

ह्या आकड्यांसमोर 'एल्मटाऊन हायस्कूलचा क्लास' ही संकल्पना ठेवून पाहावी. क्लासच्या छायाचित्रात सर्वांचे पोशाख एकसारखे, सर्वांची नावे वर्णानुक्रमे. वर्णानुक्रम ही समतेची उत्तम खूण आहे. तेथे बँकेच्या मालकाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा आडनावाच्या आद्याक्षराने शेजारी येतात. परंतु छायाचित्र काढले जाईपर्यंत मजुरांची बहुतेक मुले चौकटीबाहेर गेलेली असतात. ती समता राहिलेल्यांतील समता आहे. राहिलेल्यांतही ती कितपत आहे, हे हॉलिंग्सहेड यांनी अनेक अंगांनी दाखविले आहे. अभ्यासक्रम तीन : कॉलेजची तयारी, सामान्य आणि वाणिज्य, त्यांची निवड बहुधा कुटुंबाच्या वर्गाप्रमाणे होते. मैत्री आणि प्रेमसंबंध बहुतांशी त्याच मर्यादेत राहतात. उशिरा येणाऱ्यांना शाळेनंतर थांबवून ठेवण्याचा नियम एकच. पण तो मोडणारा प्रतिष्ठित घरचा मुलगा आणि तोच नियम मोडणारा खालच्या थरातील मुलगा यांना मिळालेली वागणूक निरनिराळी, असा एक प्रसंग त्यांनी विस्ताराने नोंदविला आहे. विद्यार्थी स्वतः परस्परांना ज्या गटांत घालीत, त्यांत 'उच्च मंडळी', 'चांगली मुले' आणि 'गबाळी टोळी' असे तीन प्रकार होते. 'गबाळी' ह्या विशेषणाकडे लक्ष द्यावे. त्यात दारिद्र्याचा उल्लेख नाही, अस्वच्छतेचा आहे. सामाजिक वर्ग येथे वैयक्तिक दोष बनून बोलला जातो. गावाला आपल्यात वर्ग आहेत हे मान्य करावयाचे नसते. म्हणून भाषा ते दुसऱ्या शब्दांत मान्य करते.

हॉलिंग्सहेड यांच्या ग्रंथावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. वर्ग पाच का, सहा का नव्हेत, हे गावकऱ्यांच्या मतांवरून ठरविण्याची रीत वादग्रस्त आहे. वर्गावरून वर्तनाची मीमांसा करताना ते व्यक्तीच्या निवडीला फार थोडी जागा ठेवतात. तथापि, ३४५ हा आकडा त्यांनी ग्रंथात आणला, हे त्यांचे ऋण आहे. इतरांनी शाळेतून गावाकडे पाहिले. त्यांनी गावातून शाळेकडे पाहिले.

६

कोलमन यांच्याकडे वळण्यापूर्वी 'क्लास' ह्या शब्दाच्या तिसऱ्या अर्थाचा उल्लेख केला पाहिजे, कारण कोलमन यांचा मुख्य विषय खेळाची प्रतिष्ठा हा आहे. इंडियाना राज्यात बास्केटबॉलची शालेय स्पर्धा दीर्घकाळ एकच होती. लहान-मोठ्या सर्व शाळा तीत एकत्र उतरत. १९५४ मध्ये सुमारे अकराशे वस्तीच्या मायलन गावातील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात ३२ विरुद्ध ३० अशा गुणांनी विजय मिळविला. पराभूत शाळा होती मन्सी सेंट्रल, म्हणजे लिंड यांच्या मिडलटाऊनचीच शाळा. ह्या विजयाची आख्यायिका झाली आणि १९८६ च्या 'हूझिअर्स' ह्या चित्रपटाला तिने प्रेरणा दिली. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स ह्या केवळ कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या शाळेने तीच स्पर्धा जिंकली. १९४२ पर्यंत अशा शाळांना ह्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. परंतु आख्यायिका झाली ती प्रामुख्याने मायलनची. १९९७ नंतर इंडियानाने विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे गट पाडून वेगवेगळ्या स्पर्धा सुरू केल्या. ह्या गटांनाही 'क्लास' हेच नाव आहे. हा बदल अनेकांना रुचला नाही. सामाजिक वर्गांविषयी मौन पाळणारे गाव खेळातील वर्गांविषयी मात्र मोकळेपणाने वाद घालते, हे लक्षणीय आहे.

कोलमन यांनी १९५७-५८ मध्ये इलिनॉयमधील दहा हायस्कुलांची पाहणी केली. 'शाळेत तुमची आठवण कशी राहावी?' हा त्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. मुलांपुढे तीन पर्याय होते : बुद्धिमान विद्यार्थी, नामांकित खेळाडू, सर्वांत लोकप्रिय. मुलींसाठी खेळाडूच्या जागी उपक्रमांतील पुढारी. मुलांचा कल सर्वाधिक खेळाडूकडे दिसला. ह्यावरून कोलमन यांनी असा निष्कर्ष काढला की, किशोरवयीनांचा एक स्वतंत्र समाज बनला आहे, त्याची मूल्ये प्रौढांहून भिन्न आहेत आणि शाळेने त्या मूल्यांना वळण लावावयाचे तर अभ्यासातही संघभावनेची चुरस आणली पाहिजे.

सिद्धान्त आकर्षक आहे. परंतु दोन शंका येतात. पहिली अशी की, प्रश्नातच उत्तराचे क्षेत्र बांधून टाकले आहे. 'आठवण राहावी' ह्या शब्दप्रयोगात शाळा पुरी करून जाणारा विद्यार्थी गृहीत धरलेला आहे. ज्याला शाळेत आपली आठवण राहावी असे वाटतच नाही, त्याच्यासाठी चौथा पर्याय नाही. दुसरी शंका ह्याहून मूलगामी. मायलनच्या संघामागे गाव गेले होते, मुले नव्हेत. खेळाडूला मोठेपण देणारी मूल्ये किशोरांनी प्रौढांविरुद्ध निर्माण केलेली नसून, गावातील प्रौढांनीच ती शाळेत पेरली होती. 'किशोरांचा समाज' हे नाव देऊन कोलमन यांनी गावाची जबाबदारी मुलांच्या माथी टाकली, असे म्हणावेसे वाटते. हजेरीपटावरच्या मुलांनाच प्रश्न विचारले की, वयाचा भेद ठळक आणि वर्गाचा भेद पुसट दिसावा, हे स्वाभाविक आहे.

७

एकर्ट यांचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या आरंभीचा आणि डेट्रॉइटच्या एका उपनगरातील शाळेचा आहे. तो येथे घेण्याचे कारण असे की, 'क्लास' ही व्यवस्था शाळेतील सर्वांची नसून एका गटाची आहे, हे दाखविणारा पुरावा त्यांनी दिला. शाळेतील विद्यार्थ्यांनीच वापरलेली दोन नावे त्यांनी घेतली. 'जॉक्स' म्हणजे शाळेचे उपक्रम, खेळ, पदे यांत रमणारे. 'बर्नआउट्स' म्हणजे शाळेतून मन काढून शेजारपाजार आणि शहर यांकडे पाहणारे. पहिले प्रामुख्याने मध्यमवर्गीय, दुसरे प्रामुख्याने श्रमिक कुटुंबांतील. पण अपवाद दोन्हीकडे.

त्यांचे एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. जॉक्सची मैत्री बहुतांशी आपल्याच सालच्या क्लासपुरती असते. बर्नआउट्सची मैत्री वयाची मर्यादा ओलांडते. भावंडे, शेजारी, शाळा सोडून कामास लागलेले मोठे मित्र अशा सर्वांत ती पसरलेली असते. म्हणजे 'अमुक सालचा क्लास' हे बंधुत्वाचे एकक सर्व मुलांच्या अनुभवाचे वर्णन नाही. ते एका गटाच्या अनुभवाचे वर्णन असून शाळेने ते सर्वांना लागू केले आहे.

भाषिक पुराव्याने ह्यास बळकटी येते. त्या प्रदेशात स्वरांच्या उच्चारस्थानांत जे बदल होत होते, त्यांतील शहराकडून येणाऱ्या नव्या उच्चारांत बर्नआउट्स पुढे होते. दुहेरी नकाराचा वापरही त्यांच्यात अधिक होता. आणि हे भेद आईबापांच्या व्यवसायापेक्षा मुलाने स्वीकारलेल्या गटाशी अधिक जुळत होते. हॉलिंग्सहेड यांच्या ग्रंथात व्यक्तीच्या निवडीला जी जागा नव्हती, ती येथे मिळाली. वर्ग हा घरून मिळतो हे खरे. परंतु किशोरवयात तो उच्चारात, पोशाखात, उभे राहण्याच्या जागेत नव्याने घडविला जातो.

वर्ग ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ येथे आठवतो. आपल्या व्याकरणपरंपरेत क-वर्ग, च-वर्ग अशी वर्णांची विभागणी आहे, आणि तिचा पाया उच्चारस्थान हा आहे. एकर्ट यांनी दाखविलेले वर्गही एका अर्थाने उच्चारावरून ओळखू येणारे वर्ग आहेत. मात्र व्याकरणातील वर्ण आपला वर्ग सोडून जात नाही. शाळेतील मूल तसे करू शकते, आणि कधी कधी करते.

८

चारही ग्रंथ एकत्र ठेवून पाहिले असता निष्कर्ष असा निघतो. लहान गावाच्या हायस्कूलने 'क्लास' ह्या शब्दातून एक खरोखरीचे बंधुत्व निर्माण केले. त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांनी भरणारे स्नेहसंमेलन, स्थानिक वृत्तपत्रातील मृत्युलेखात आवर्जून येणारे शाळेचे नाव, लहान शाळा एकत्र करण्याच्या चळवळीत आपल्या शाळेचे नाव व रंग राखण्यासाठी गावांनी दिलेले लढे, ह्या गोष्टी पोकळ भावनेवर टिकत नाहीत. शालेय जिल्ह्यांची संख्या १९४० च्या सुमारास सुमारे १ लाख १७ हजार होती, ती १९७०-७१ पर्यंत सुमारे १८ हजारांवर आली. एवढ्या उलथापालथीत गावाच्या हातून काय गेले, हे 'क्लास' ह्या शब्दाचे वजन जाणल्याखेरीज कळणार नाही.

परंतु हे बंधुत्व ज्या नावावर उभे आहे, त्या नावातच शेवटास न पोहोचलेल्यांची वजाबाकी आहे. गावकऱ्याने ती वजाबाकी विसरावी हे समजण्याजोगे आहे. संशोधकाने विसरणे क्षम्य नाही. लिंड यांनी ती अर्धवट पाहिली, कोलमन यांनी पाहिली नाही, एकर्ट यांनी शाळेच्या आतून ओळखली, हॉलिंग्सहेड यांनी मोजली. आज अमेरिकेत शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक आहे. आणि २००८ च्या नियमांनंतर ते प्रमाण नवव्या इयत्तेत दाखल झालेल्या मुलांची संख्या छेदस्थानी ठेवून काढण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे क्लासचे नाव अजून शेवटावरून पडते, परंतु शासनाची मोजणी आरंभावरून होऊ लागली. हा बदल लहान वाटला तरी तत्त्वतः मोठा आहे.

आपल्या विभागांतून बोलींची आणि समाजभाषेची जी पाहणी होते, तीसही ह्यात एक सूचना आहे. माहितीदाते मिळविण्यासाठी शाळा आणि महाविद्यालय ही सर्वांत सोयीची ठिकाणे आहेत. तेथे मुले एकत्र सापडतात, हजेरीपट तयार असतो, वय नोंदलेले असते. परंतु हजेरीपट हा गावाचा नमुना नव्हे. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेले मूल, सातवीनंतर घरी बसविलेली मुलगी, हॉटेलात कामास लागलेला मुलगा यांची मराठी त्या पटावर नसते. गावाच्या बोलीविषयी विधान करावयाचे असेल तर प्रथम गावातील त्या वयाची सर्व मुले मोजावी लागतील, आणि मगच शाळेच्या दारातून आत जावे लागेल. पटावर नसलेल्यांची संख्या प्रबंधाच्या पहिल्याच कोष्टकात नोंदविण्याचा शिरस्ता आपण पाडला, तर एल्मटाऊनच्या अभ्यासाचा आपल्याला खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.